झालं, उचला

बसा की. नाही, त्या खुर्चीवर नको, तिचं एक चाक निखळलंय, तिच्यावर फक्त तिलाच बसता येतं, दुसरा कुणी बसला की कलंडतो — मी कलंडलोय एकदा. इकडं खाटेवर बसा. उशी सरकवा. आणि ते मशीन राहू दे टेबलावर, ती आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. तुम्ही कंपनीतनं आलात हे कळलं मला, दोनदा सांगू नका, माझा डोळा अधू आहे, कान नाही. चौकशी करणार आणि जाताना मशीन घेऊन जाणार, बरोबर? सांगून ठेवलंय तिनं. एक बाई येतील, त्यांना बसवा, पाणी विचारा, आणि बाबा, तुम्ही मध्ये काही बोलू नका — एवढं बजावून दूध आणायला गेलीय. आता मला सांगा, माणसाला त्याच्या घरात मध्ये बोलू नका म्हणतात — म्हणजे घर तिचंच आहे म्हणा, भाडं तीच भरते — तर त्यानं काय करायचं? भिंतीकडं बघत बसायचं? पाणी हवंय? नको? मग राहिलं.

सून आहे ती माझी. तुम्ही मुलगी समजलात ना? सगळेच समजतात. माझा मुलगा नसतो इथं. तो दुसरीकडं असतो, दुसऱ्या एका बाईबरोबर असतो, आणि त्याच्याशी तुमच्या कंपनीला काही देणंघेणं नाही, तेव्हा तो विषय सोडा. तो गेला तेव्हा त्याच्या बुटांचा एक जोड मागं राहिला, एक छत्री राहिली आणि मी राहिलो. बूट आणि छत्री तिनं टाकून दिली. मला ठेवून घेतलं. का, ते मी विचारलं नाही. असलं विचारू नये — विचारलं की समोरचा विचार करायला लागतो. तर तेव्हापासून आम्ही दोघं. ती त्या टेबलाशी, मी ह्या खाटेवर. ती काम करते, मी कुरकुर करतो. दोघंही आपापल्या कामात चोख आहोत.

आता तुमच्या मनात येत असणार, ह्या म्हाताऱ्याला ह्यातलं काय कळतं. थोडं कळतं. मी जन्मभर खोकी ठोकली. लाकडाची, मोठाली, माणूस आत उभा राहील एवढाली — कारखान्याची यंत्रं जायची त्यातनं, बोटीवर. खाली जाड फळ्या, चारी बाजूंनी पट्ट्या, आत पेंढा कोंबायचा, वर झाकण. शाळा म्हणाल तर खोक्याची वरची बाजू कुठली ते त्याच्यावर लिहिण्यापुरती झाली, तेवढ्यावर निभावलं. तर ही लग्न होऊन आली तेव्हा मी विचारलं होतं तिला, तू करतेस काय नक्की? कॉम्प्युटर-बिम्प्युटर सांगू नकोस, हातानं काय करतेस ते सांग. हसली. म्हणाली, तुमचंच काम करते बाबा, खोकी बांधते. मला वाटलं टर उडवतेय म्हाताऱ्याची. पण ते खरंच तसं आहे — कंटेनर म्हणता ना तुम्ही? एखादा प्रोग्राम चालायला जे जे लागतं ते सगळं एका खोक्यात भरायचं, मग ते खोकं कुठल्याही मशीनवर नेऊन ठेवा, आतलं आत सगळं आहे, शेजारी जाऊन काही मागायला नको. काय काय भरायचं, कुठल्या क्रमानं भरायचं ते एकेक ओळ लिहून द्यायचं, आणि मशीन ओळीमागनं ओळ वाचत खोकं बांधत जातं. बांधून तयार झालं की त्याला म्हणायचं इमेज. मी म्हटलं, इमेज म्हणजे चित्र ना? खोक्याला चित्र कशाला म्हणायचं? तर म्हणाली, बाबा, ते मलाही कुणी सांगितलेलं नाही. हे मला आवडलं. नाहीतर शिकलेला माणूस माहीत नाही म्हणत नाही कधी.

तर तुमचं ते दवाखान्यांचं खोकं, पेशंटांच्या नोंदी ठेवणारं. ज्याच्यासाठी तुम्ही आलात तेच. ते बांधताना अडत होतं. तो सगळा आठवडा अडत होतं. ती कळ दाबायची, ओळी सरसर पळायच्या, आणि अमुक एका जागी येऊन सगळं ठप्प — लाल अक्षरं. परमिशन डिनाइड. परवानगी नाही. मग ती तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायची, जे सुनेनं सासऱ्यादेखत बोलू नये, आणि सासऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं करावं. मी एकदा म्हटलं तिला, अगं, खोकं तू बांधतेस, ओळी तू लिहिल्यास, मशीन तुझ्या पुढ्यात, मग हे परवानगी मागतंय तरी कुणाची? तिनं मान वर न करता सांगितलं. खोक्यात जे जे जातं ते मालकाच्या नावानं जातं. रूट म्हणतात त्या मालकाला, त्याला कशाचीच मनाई नाही. पण खोकं चालवायला मालक बसवायचा नाही. चालवायला एक साधा गडी ठेवायचा, कमीत कमी अधिकाराचा — म्हणजे उद्या कुणी येऊन त्या गड्याचं मानगूट धरलं तरी त्याच्याकडनं फार काही लुबाडता येणार नाही. आता ह्या गड्याला एका कप्प्यात सारखं लिहायचं असतं, आणि कप्पा आहे मालकाच्या नावाचा. गडी हात पुढं करतो, मशीन हात झटकतं. मग ह्याच्यावर उपाय काय? कप्पा आत ठेवतानाच गड्याच्या नावानं ठेवायचा, तेवढा एकच, बाकीचे बंद. ते तिनं केलं. तिच्या मशीनवर चाललं. कंपनीच्या मशीनवर नेलं की पुन्हा लाल.

दुसरा एक उपाय होता. तो माझा नव्हे, तिचा वरचा साहेबच सांगायचा तिला फोनवर — ती फोन मोठ्या आवाजात लावून टेबलावर ठेवते, मी काही कान लावून ऐकत नव्हतो. सात सात सात कर आणि मोकळी हो, हे त्याचं पालुपद. म्हणजे सगळे कप्पे सगळ्यांना उघडे. मालक असो, गडी असो, येणारा-जाणारा असो, कुणीही या, लिहा, पुसा. ती म्हणायची, तपासायला करीन, पाठवणार नाही तसं. तो म्हणायचा, आधी पाठव, मग बंद कर. ती म्हणायची, मग कुणी बंद करत नाही. तासाभरानं पुन्हा त्याचा फोन. मी त्याला घाईवाला म्हणतो. त्याचं खरं नाव मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. तुम्ही त्यालाही विचारलंत का, तू रोज काय सांगायचास तिला? विचारा. माझं नाव सांगून विचारा.

बरं, तो दिवस. तोच ऐकायचाय ना तुम्हाला? दुपारची वेळ. ती सकाळपासून टेबलाशी, मी सकाळपासून खाटेवर, डोळ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झालेले, वाकू नका, उजेडात जाऊ नका, टीव्ही बघू नका — मग करू काय? तिच्या पाठीकडं बघत पडायचं. आणि ती एकदम मागं रेलली आणि म्हणाली, सापडलं बाबा. काय सापडलं? तर नंबर. म्हणे मशीन नावानं कुणाला ओळखतच नाही, नंबरानं ओळखतं. तिच्याकडं त्या गड्याचा नंबर एक, आणि कंपनीच्या मशीनवर त्याच नावाच्या गड्याचा नंबर भलताच. नाव तेच, माणूस वेगळा. कप्पा ठेवला होता एकाच्या नावानं, उघडायला यायचा दुसराच. हे मला लगेच पटलं, आमच्या गोदामातही एका नावाचे तिघं-चौघं असायचे, बिल्ल्यावरनं हजेरी लागायची. ती खूश होती. आठवडाभरात पहिल्यांदा तिचं तोंड मी सरळ बघितलं. म्हणाली, कुठं अडतंय ते शोधायला आत्ता सगळं सताड उघडं टाकलंय, म्हणून पडद्यावर सगळं हिरवं दिसतंय, हे खरं हिरवं नाही. आता नंबर जुळवते, सगळं बंद करते आणि मग त्याला कळवते. एवढंसंच राहिलं होतं काम. आणि मी म्हटलं, माझ्या डोळ्याचं औषध संपलंय.

हो, तेव्हाच म्हटलं. का म्हणजे? संपलं होतं म्हणून. म्हणजे — संपत आलं होतं. तळाशी होतं थोडं. बघा बाई, सकाळपासून त्या बाईनं माझ्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं. जेवण तिथंच, पाणी तिथंच, मी दोनदा खोकलो तरी नाही. आणि बघितलं ते कशापायी, तर नंबर सापडला म्हणून. मला जरा — जाऊ दे. डोळ्याचा प्रश्न होता, थेंब चुकवू नका म्हणून डॉक्टरनं सांगितलेलं होतं, आणि तीच मला रोज सांगायची. ती उठली.  गेली, औषध आणलं, आणि तेवढ्यात इकडं खोकं गेलं तसंच उघडं. घाईवाल्यानं पाठवून दिलं. आता हे त्याचं काम होतं ना, बघायचं? का नाही बघितलं त्यानं? तुमच्याकडं असंच चालतं का, ज्याला घाई तो पाठवणार?

काय म्हणता? त्यानं फोन करून विचारलं होतं. विचारलं असेल. आणि ती झालंय म्हणाली? असं तो सांगतो? सांगणारच तो, त्याला स्वतःची कातडी वाचवायचीय. त्याचं ऐकू नका तुम्ही. ती असं म्हणेल का कधी — आठवडाभर ज्या गोष्टीला नाही म्हणत होती त्या गोष्टीला —

ती म्हणाली? कुणाला म्हणाली? तुम्हाला? तुमच्यासमोर, त्या सगळ्यांच्या बैठकीत? की हो, मीच सांगितलं त्याला, झालंय, पाठव? काहीतरी ऐकण्यात चूक झाली तुमच्या. असं कसं म्हणेल ती. ती घरातच नव्हती. फोन इथं भिंतीपाशी चार्जिंगला लावलेला, ती खाली औषधाच्या दुकानात, तिनं कसं —

पंखा लावू का? गरम होतंय. तुम्हाला नाही होत? मला होतंय.

असं बघू नका माझ्याकडं. सांगतो. वाजत होता तो फोन. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. मी म्हटलं, काहीतरी अडलं असेल, उचलावा. उचलला. मी हॅलो म्हणायच्या आत तो सुरू — अजून किती वेळ लावणार, वरनं विचारणा होतेय, तुला जमत नसेल तर सांग, दुसऱ्याला देतो काम. त्याला वाटलं तीच आहे. मी म्हटलं, मी तिचा सासरा बोलतोय. तर सॉरी नाही, नमस्कार नाही, म्हणाला, बरं, मग तुम्ही सांगा काका, झालंय का तिचं? इकडं मला सगळं हिरवं दिसतंय. आणि मला आला राग. जमत नसेल तर म्हणे. जिला जमत होतं तिला जमत नसेल तर म्हणे. तिच्यासमोर तो असंच बोलायचा, आणि ती ऐकून घ्यायची, आणि मी खाटेवर पडून ऐकायचो, मला बोलायची मुभा नाही. मी म्हटलं त्याला, झालंय केव्हाच. पाठवा.

माहीत होतं. तुम्ही तेच विचारणार, म्हणून आधीच सांगतो. माहीत होतं मला की ते उघडं आहे. थोड्याच वेळापूर्वी मला सांगून गेली होती, हे खरं हिरवं नाही म्हणून. मी विसरलो असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल, म्हातारा आहे म्हणाल, पण विसरलो नव्हतो.

आता हे मला समजावता येतं का बघतो. आमच्या गोदामात मुकादम होता, लांबनं ओरडायचा, झालं का. आणि आम्ही ओरडून सांगायचो, झालं, उचला. झालेलं नसायचं. झाकणाचे कोपऱ्यांतले खिळे राहिलेले असायचे, कधी एखादी पट्टी राहिलेली असायची. पण लॉरी मागं यायची, दोर बांधायचे, माणसं गोळा व्हायची — त्या वेळात आम्ही राहिलेलं ठोकून टाकायचो. सगळे असंच करायचे. मुकादमाला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, आणि खोकं उचललं जाईपर्यंत पक्कं झालेलं असायचं. झालं म्हणण्यात आणि उचलण्यात मध्ये जागा असायची. त्या जागेत माणूस आपली लाज राखून घ्यायचा. मला वाटलं, हिच्याकडंही असेल तशी जागा. तो हो म्हणेल, कुणाकुणाला सांगेल, गाडी येईल कसली तरी, तोवर ही औषध घेऊन वर येईल, बसेल, टाकटाक करून बंद करेल सगळं, आणि त्याचं तोंड बंद होईल. मी तिची बाजू राखली असं मला वाटत होतं, बाई. फोन ठेवल्यावर मी अगदी ताठ बसलो होतो खाटेवर. ह्या हातानं ठेवला तो फोन, होता तिथंच.

तुमच्याकडं ती जागाच नाही. त्यानं तिकडं कळ दाबली आणि इकडं खोकं पोचलंसुद्धा. गाडी नाही, दोर नाही, माणसं नाहीत. ती जिना चढत होती तोवर सगळ्या दवाखान्यांत पोचलेलं होतं.

आल्या आल्या तिला दिसलं पडद्यावर. उभ्या उभ्याच कळ दाबत होती. मग फोन केला तिनं घाईवाल्याला, बाहेर जिन्यात जाऊन, दार ओढून घेऊन. मला फक्त शेवटचं ऐकू आलं, कारण ती आत येता येता बोलत होती — उद्याच बंद करते, मला करू दे. आणि तो म्हणाला, चालतंय ना? मग चालत्याला हात लावू नकोस, पुढच्या खेपेला बघू. हेही विचारा त्याला. नुसतं तिलाच काय विचारता. आणि ती पुढची खेप यायच्या आत चोर आला. चोर भलत्याच खिडकीतनं आला म्हणे, दुसऱ्या कुणीतरी उघडी टाकलेली होती ती, त्या खिडकीशी हिचा काही संबंध नाही. पण आत आल्यावर त्यानं त्या गड्याला धरलं, आणि गड्याच्या हातात काही नसायला हवं होतं, तर सगळं घर त्याला मोकळं. लोकांची दुखणी बाहेर पडली, नावानिशी. कुणा एका बाईनं आपलं दुखणं घरात सांगितलेलं नव्हतं, ते तिच्या घरच्यांना बाहेरच्यांकडनं कळलं. हे ती मला जेवताना सांगत होती. ताटाकडं बघून सांगत होती. मी म्हटलं, मीठ दे. दुसरं काय म्हणणार होतो?

मला वाटलं होतं, तो म्हणेल तिनं सांगितलं, ती म्हणेल मी नाही सांगितलं, दोघांचं जुंपेल, तुम्ही कुणावरच ढकलू शकणार नाही, आणि मिटेल. मी रोज मनात हेच घोळवत होतो. ती नाही म्हणणारच, कारण ती होतीच कुठं. आणि तुम्ही सांगता ती हो म्हणाली. का म्हणेल माणूस न केलेल्या गोष्टीला हो? घाबरून? ती घाबरणाऱ्यातली नाही. नवरा गेला त्या दिवशी तिनं —

थांबा जरा. एक विचारतो, तुम्हाला ह्यातलं कळतं. दुसऱ्यानं फोन उचलला, बोलला, ठेवला, तर मागाहून त्यात दिसतं का काही? कुणाचा आला, कधी आला? … दिसतं. उचलला होता की नुसता वाजला हेही दिसतं? … किती बोलणं झालं तेसुद्धा.

पुसलं तर नाही दिसत म्हणता. मला कुठलं पुसायला येतंय. मला हिरवं दाबायचं आणि लाल दाबायचं एवढंच कळतं.

म्हणजे तिला त्याच दिवशी कळलं.

तेव्हाच, लगेच. जिन्यातनं आत आली तेव्हा फोन तिच्या हातात होता. इथं उभी होती, तुमचे पाय आहेत तिथं. विचारलं मला, बाबा, मी खाली गेले तेव्हा कुणाचा फोन आला होता का? मी म्हटलं, नाही. काही आवाज नाही आला. तिनं नव्या औषधाची बाटली काढली.  मग म्हणाली, डोळे वर करा, औषध घालते. माझी मान धरून मागं केली, पापणी ओढली, आणि घातलं. एक थेंब इकडं, एक थेंब तिकडं. हात हलला नाही तिचा, बाई. रोज थोडंफार गालावर ओघळतं, त्या दिवशी तेही नाही. आणि मग म्हणाली, पडून राहा जरा वेळ, उघडू नका. तिच्या हातात तो फोन होता आणि त्यात मी होतो, आणि ती मला म्हणाली उघडू नका.

मग रोज घातलं. काल रात्रीही घातलं.

आता कळलं ती हो का म्हणाली तुम्हाला? नाही म्हणाली असती तर तुम्ही विचारलं असतं, मग फोनवर कोण होतं? घाईवाला तर सांगणारच नाही, म्हाताऱ्याच्या शब्दावर माल पाठवला असं कोण सांगेल. राहिली ती. तिला सांगावं लागलं असतं. आणि माझ्या तोंडावर आणावं लागलं असतं. ते तिनं केलं नाही.

मी का नाही बोललो आजवर, असंच ना? विचारा की, तोंडावर विचारा, इतकं जपून बघू नका. भीती वाटली. तिनं घालवलं तर मी कुठं जाऊ? मुलाकडं? मी एकदा गेलो होतो त्याच्या दारात, त्याच्या त्या बाईनं मला बाहेरच्या पायरीवर पाणी दिलं आणि पेला परत घ्यायला उभी राहिली. आणि सुनेशी तर माझं रक्ताचंही काही नाही. मुलगा होता तोवर मी तिचा सासरा, मुलगा गेल्यावर मी कोण? खाटेवरचं ओझं. उद्या हिची नोकरी गेली, आणि ती कशानं गेली ते कळलं — हा हिशोब मी रोज करत होतो, आणि तिला तो कधीच कळलेला होता, आणि ती माझ्या डोळ्यांत औषध घालत होती. आणि आता तुम्ही तिला काढणार, आणि तेही अशा शेऱ्यानं की दुसरा कुणी तिला दारात उभी करणार नाही. जाणूनबुजून उघडं पाठवलं म्हणून. जाणूनबुजून तर मी पाठवलं.

तर ऐका. तुमच्या वरच्यांना जाऊन सांगा, म्हातारा बोलला फोनवर. कुठं यायचं, कुणापुढं उभं राहायचं ते कळवा, मी येतो. एक डोळा चालतो अजून. सही येते मला, अंगठा लावायची गरज नाही. घाईवाल्याला माझ्यासमोर आणा आणि विचारा, तू काका कुणाला म्हणालास ते आठवतं का. आणि तिच्याबद्दल जे ठरवायचं ते त्याच्यानंतर ठरवा, आधी नाही. एवढं तरी कराल ना? मान हलवू नका, तोंडानं सांगा. … बरं.

आली ती. जिन्यात तिच्या चपला वाजतात, डावीचा पट्टा सुटलाय. उठा तुम्ही. नाही, आत्ताच उठा. ती म्हणेल चहा घ्या, बसा, काय विचारायचंय ते विचारा — काही विचारायचं नाही तुम्ही तिला आज. मशीन उद्या न्या, परवा न्या, ते कुठं पळून जात नाही. तिला मी काय सांगितलं तेही तुम्ही सांगायचं नाही. हसून नमस्कार करायचा आणि जायचं. ते माझं मला करू द्या. घ्या, पिशवी राहील तुमची.

ये गं. ह्या निघाल्यात. हो, झालं त्यांचं काम. अडवू नकोस त्यांना, घाई आहे. नाही, मी काही मध्ये बोललो नाही — म्हणजे बोललो. सांगतो. दार लावून घे आधी. दूध ठेव तिथंच खाली, लगेच नासत नाही. बस. इथं, माझ्यासमोर बस जरा. काही नाही झालेलं मला, छातीत-बितीत काही नाही, तू बस.

त्या दिवशी खालून आल्यावर तू मला एक विचारलं होतंस. पुन्हा एकदा विचार.